ब्रिटानिया: तळ एक, शिडं अनेक

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "१८९३ साली बांधलेली 'ब्रिटानिया' ही शर्यतीची यॉट ६३५ शर्यतींत उतरली आणि २३१ जिंकली, असं वाचलं. ती त्या काळातली सगळ्यांत वेगवान यॉट होती का? चाळीस वर्षं ती टिकली कशी? आणि एवढी नावाजलेली नाव शेवटी मुद्दाम का बुडवली?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो: नाही. तिच्याच वर्षी पाण्यात उतरलेली 'सॅटानिटा' भरवाऱ्यात वारा बाजूने घेऊन सुटली की ब्रिटानियाला मागे टाकायची. १८९६ ची 'मीटिऑर' तिच्यापेक्षा सरस निघाली. १९३० नंतरच्या जे-क्लासच्या, म्हणजे सगळ्यांत मोठ्या वर्गातल्या, यॉटींपुढे तर तिला धाप लागायची. तरीही २३१ वेळा पहिला नंबर, आणि वर १२९ वेळा दुसरं-तिसरं बक्षीस. वेगवान नावा पुष्कळ होऊन गेल्या, पण हा हिशेब त्यांच्यापैकी कोणाला जुळवता आला नाही. तो तिला का जमला, हे खरं सांगण्यासारखं आहे.

मी तीसेक वर्षं मुंबई बंदरात शिडाच्या नावांचं रिगिंग करतो. डोलकाठी उभी करायची, तारांना ताण द्यायचा, दोर-पुल्या बसवायच्या. मधले काही मोसम इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जुन्या गॅफ, म्हणजे चौकोनी, शिडांच्या नावांवर काम केलं. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. काठी मोडली तर नवी येते, शीड फाटलं तर नवं शिवून मिळतं, पण तळ चुकला तर नाव जन्मभर चुकलेली. ब्रिटानियाने आयुष्यात सात वेळा शिडांचा साज बदलला. तळ मात्र जॉर्ज लेनक्स वॉटसनने ग्लासगोत आखला तोच राहिला.

तो तळ इतका चांगला का जमला, हे समजायला आधी मोजमापाचा नियम बघावा लागतो. शर्यतीची नाव कागदावर जन्मते ती नियमाच्या पोटी. लहान-मोठ्या नावा एकत्र धावायच्या तर कोणाला किती वेळाची सूट द्यायची हे ठरवायला सूत्र लागतं, आणि सूत्र आलं की त्यातली पळवाट शोधणारे आलेच. इंग्लंडात १८५५ च्या सुमारापासून थेम्सचं टनेज मोजमाप चालत होतं. लांबीतून रुंदी वजा करा, आलेल्या आकड्याला रुंदीने गुणा, मग पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणा आणि ९४ ने भागा. यात रुंदी दोनदा गुणली जाते आणि खोली मोजलीच जात नाही. मग आराखडा काढणाऱ्यांनी काय केलं असेल? नावा अरुंद केल्या, खोल केल्या, आणि उलटू नयेत म्हणून तळाशी शिसं ओतत गेले. आपल्या किनाऱ्यावर या तळच्या वजनाला नीरम म्हणतात. गलबतात दगडधोंडे टाकून भागायचं, इथे शिशाचे ओतीव कणे बसवले. फळी कडेवर उभी करावी तशा दिसणाऱ्या त्या नावा होत्या. १८८६ ची 'ऊना' पाण्यालगत ३४ फूट लांब आणि रुंदीला फक्त साडेपाच फूट. डब्लिनजवळ मालाहाइडच्या किनाऱ्यावर ती वादळात फुटली. तिचा आराखडा काढणारा पेटनही तिच्यावरच होता. कोणी वाचलं नाही.

त्याच वर्षी यॉटींवर लिहिणाऱ्या डिक्सन केम्पचा नवा नियम मान्य झाला. पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, शिडांच्या क्षेत्रफळाने गुणा, ६००० ने भागा. रुंदीवरचा दंड एका फटक्यात गेला. ब्रिटानियाची पाण्यालगतची लांबी ८७.८ फूट आणि शिडं १०,३२८ चौरस फूट. कागदावर करून बघा, १५१ येतं, आणि तेच तिचं रेटिंग, म्हणजे सूट ठरवायचा आकडा, होतं. दहा हजार चौरस फूट म्हणजे किती हे डोळ्यांपुढे येत नसेल तर शेताच्या भाषेत सांगतो: साडेनऊ गुंठे कापड, एकाच डोलकाठीवर.

वॉटसनला आता रुंदी मोकळेपणाने घेता आली. ब्रिटानिया २३ फूट ८ इंच रुंद होती. ऊनामध्ये लांबी रुंदीच्या सहा पटींहून जास्त होती, ब्रिटानियात ती चार पटींच्या आत आली. त्यामुळे ती खांदे असलेली, वाऱ्याखाली ताठ उभी राहणारी नाव झाली. शिवाय नव्या नियमातही वॉटसनने एक पळवाट घेतलीच. तिची एकूण लांबी १२१.५ फूट, म्हणजे जवळजवळ ३४ फूट नाव पुढे-मागे पाण्याबाहेर लोंबत होती. मोजणारा माणूस शांत पाण्यात, सरळ उभ्या नावेची पाण्यालगतची लांबी मोजणार. वारा भरून नाव कलली की हाच लोंबता भाग पाण्यात येतो आणि नाव आपोआप लांब होते. तळाच्या लांबीवर नावेचा वेग अवलंबून असतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की साधारण कमाल वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला सागरी मैलांत, मिळतो. ८७.८ फुटांना साडेबारा नॉट येतात, कलल्यावर त्याहून थोडे जास्त. चमच्यासारखी ती पुढे आलेली नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, तेव्हाच्या इंग्रजांना कुरूप वाटली होती. त्यांना सरळ, उभ्या नाळेची सवय. आज त्याच नाळेचा फोटो लोक भिंतीवर लावतात.

हा वॉटसन १८७३ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी निव्वळ यॉटींचे आराखडे काढायचं कार्यालय थाटून बसलेला माणूस. जीवरक्षक संस्थेच्या बचावनौकाही त्याने आखल्या. ब्रिटानियाच्या स्वभावात मला त्याचा हात दिसतो. खवळलेल्या समुद्रातून माणसं घेऊन परत यायची नाव ज्याने आखली, त्याला फक्त सपाट पाण्यावर पळणारी नाव आवडली नसती. हे माझं मत, पुरावा मागू नका.

ब्रिटानिया युवराजासाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, क्लाइड नदीकाठी डी. अँड डब्ल्यू. हेंडरसनच्या कारखान्यात बांधली. पोलादी फासळ्या, त्यांवर लाकडी फळ्या. २० एप्रिल १८९३ ला ती पाण्यात उतरली. शेजारीच वॉटसनच्याच हातची 'व्हाल्किरी दुसरी' तयार होत होती, लॉर्ड डनरेव्हनची. शिवाय जोसेफ सोपरची 'सॅटानिटा' आणि विल्यम फाइफची 'कालूना'. एकाच मोसमात चार नव्याकोऱ्या मोठ्या यॉटी, असं वर्ष पुन्हा क्वचितच आलं. कालूना अपेक्षेला उतरली नाही. ब्रिटानिया ४३ शर्यतींत उतरली आणि ३३ मध्ये बक्षीस घेऊन आली.

इथे एक गैरसमज काढतो, कारण तो वारंवार भेटतो. ब्रिटानिया अमेरिकाज कपसाठी, म्हणजे यॉटींच्या सगळ्यांत नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय करंडकासाठी, कधीच धावली नाही. त्या शरद ऋतूत अमेरिकेला गेली ती व्हाल्किरी, आणि नॅथानिएल हेरेशॉफच्या 'व्हिजिलंट'कडून हरून आली. ब्रिटानियाचा अमेरिकनांशी सामना झाला तो घरच्या पाण्यात. 'नावाहो' नावाची अमेरिकन यॉट १८९३ मध्येच आली होती. तिच्याशी वाइट बेटाच्या टोकाच्या नीडल्स खडकांपासून फ्रान्सच्या शेरबुर्गपर्यंत जाऊन परत, अशी इंग्लिश खाडी ओलांडणारी शर्यत झाली. इतक्या लांबच्या पल्ल्यानंतर दोघींत काही सेकंदांचा फरक. ब्रिटानिया पुढे होती, पण तक्रार दाखल झाली आणि करंडक नावाहोला गेला. राजपुत्राची नाव असूनही पंचांनी निर्णय फिरवला, हे मला त्या काळाबद्दल आवडतं.

आता माणसांबद्दल, कारण मालकांचीच नावं सगळे घेतात. सुकाणू हातात असायचं ते जॉन कार्टरच्या, १८८५ मध्ये 'जेनेस्टा' घेऊन अमेरिकेला गेलेल्या तांडेलाच्या. व्यवस्थापन विल्यम जेमसनकडे, आयर्लंडातल्या व्हिस्कीवाल्या घराण्यातला. खलाशी बहुतेक एसेक्सच्या खाडीकाठच्या गावांतले आणि सोलेंटच्या, म्हणजे वाइट बेट आणि इंग्लंडमधल्या सामुद्रधुनीच्या, परिसरातले. हे लोक हिवाळ्यात मासेमारी आणि कालवं काढणं, उन्हाळ्यात यॉटींवर नोकरी असं वर्ष काढायचे. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नाखवे जाळी विणत बसतात. त्यांच्या मोसमाच्या खाचेत यॉटींचा पगार बसत होता, हाच काय तो फरक. उथळ पाण्यात, उलट्या भरतीत, कुठल्या वाळूच्या पट्ट्यावर ओहोटीची ओढ कमी असते हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. श्रीमंतांच्या शर्यती या गरीब माणसांच्या पायांनी जिंकल्या आहेत.

आणि हातांनीही. गॅफ शीड चौकोनी असतं. वरच्या बाजूला एक तिरकं लाकूड, गॅफ, खाली आडवी बूम. शीड चढवायचं म्हणजे ते वरचं लाकूडही कापडासकट उचलायचं. मी ज्या गॅफ नावेवर काम केलं ती ब्रिटानियाच्या निम्म्याहूनही लहान, तरी ओलं झालेलं मोठं शीड चार-चार जणांनी दोराला लोंबकळून वर न्यायचो आणि संध्याकाळी हाताची बोटं मिटत नसत. त्यात ब्रिटानियाच्या काळी पकड देणारी आजची यंत्रं नाहीत. डेकच्या कडेला नावापुरता उंचवटा. बूम पिछाडीच्याही मागे गेलेली, तिच्या टोकाशी काम करायचं तर माणूस अक्षरशः समुद्रावर लटकलेला.

हे धोक्याचं काम होतं, हे ५ जुलै १८९४ ला सगळ्यांना दिसलं. क्लाइडवर मडहुक यॉट क्लबची शर्यत. सुरुवातीच्या रेषेमागे यॉटी घिरट्या घालतायत, तोफ कधी होते याची वाट बघत. एवढी कापडं चढवलेली यॉट सुरुवातीला उभी करून ठेवता येत नाही, धावतीच ठेवावी लागते, आणि रेषा ओलांडायची वेळ सेकंदांत साधावी लागते. सॅटानिटा पूर्ण वेगात असताना तिच्या वाटेत एक छोटी होडी आली. ती चुकवायला वळावं लागलं, आणि मग पुन्हा तोंड फिरवून व्हाल्किरीच्या मागून जायला सुकाणू पुरलं नाही. ज्यांनी मोठं शीड चालवलंय त्यांना हे लगेच कळेल. मागचं शीड भरलेलं असताना नाव वाऱ्याकडेच ओढ घेते. शीड सैल सोडल्याशिवाय तिचं तोंड वाऱ्यापासून दूर नेता येत नाही, आणि साडेनऊ-दहा गुंठ्यांचं कापड क्षणात सैल होत नाही. सॅटानिटा व्हाल्किरीच्या कुशीत घुसली. नऊ मिनिटांत व्हाल्किरी तळाशी. एक खलाशी मेला. ब्रिटानिया आणि व्हिजिलंट त्याच रेषेवर होत्या, त्या पुढे धावत राहिल्या, आणि ब्रिटानिया जिंकली.

लॉ कॉलेजला गेलेल्यांना या अपघाताची ओळख वेगळ्या नावाने असते. करार कायद्याच्या तासाला 'क्लार्क विरुद्ध डनरेव्हन' शिकवतात ना, तो हाच. सॅटानिटाचा मालक क्लार्क म्हणाला, चूक झाली, पण सागरी कायद्याने माझी जबाबदारी टनामागे आठ पौंडांपुरतीच आहे, तेवढे घ्या. डनरेव्हन म्हणाला, शर्यतीत नाव नोंदवताना आपण दोघांनी क्लबला लिहून दिलंय की नियम पाळू, आणि नियमात म्हटलंय की धक्का देणाऱ्याने सगळं नुकसान भरावं. पेच असा की दोघांनी एकमेकांना काहीच लिहून दिलं नव्हतं, दोघांची पत्रं क्लबला. १८९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने डनरेव्हनच्या बाजूने निकाल दिला. एकाच नियमावलीखाली शर्यतीत उतरलात म्हणजे स्पर्धकांचा आपसातही करार झाला. माझ्या पुतणीने एलएलबीच्या पहिल्या वर्षी हा खटला पाठ केला होता, आणि त्यातल्या 'यॉट' म्हणजे रविवारी गेटवेपाशी डुलणाऱ्या पांढऱ्या बोटी असं तिच्या डोक्यात होतं. दीडशे टनांचं वजन बारा नॉटने अंगावर येतंय असं सांगितल्यावर निकाल तिला एकदम पटला.

व्हिजिलंट त्या उन्हाळ्यात जॉर्ज गूल्डने विकत घेऊन इंग्लंडात आणली होती. व्हाल्किरीला हरवणारी नाव, त्यामुळे सगळ्यांना वाटलं ब्रिटानियाची आता खैर नाही. झालं उलटं, बहुतेक शर्यती ब्रिटानियाने घेतल्या. अमेरिकनांनी वाऱ्याला दोष दिला, इंग्रजांनी वॉटसनला श्रेय दिलं. मला वाटतं खरं कारण पाणी. अमेरिकाज कपच्या शर्यती मोकळ्या समुद्रावर, लांब-लांब सरळ पल्ल्यांच्या. क्लाइड आणि सोलेंटमध्ये किनाऱ्याला चिकटून, भरती-ओहोटी चुकवत, दर थोड्या वेळाने वळसा घ्यावा लागतो. वळणावरून पटकन पुन्हा वेग धरणारी, हलक्या वाऱ्यातही न थबकणारी आणि जोराच्या वाऱ्यात न कोसळणारी नाव इथे चालते. ब्रिटानिया नेमकी तशी होती. कुठल्याच वाऱ्यात सर्वोत्तम नाही आणि कुठल्याच वाऱ्यात वाईट नाही. मोसमात चाळीस शर्यती धावायच्या तर असली नाव हवी. एकाच प्रकारच्या वाऱ्याची राणी दहा शर्यती जिंकते आणि बाकीच्या तीसांत हात चोळते. तिच्या २३१ चं कोडं मला तरी असंच सुटतं.

मग भाचा आला. जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा हा व्हिक्टोरिया राणीचा नातू, युवराजाचा भाचा. दर ऑगस्टला वाइट बेटावरच्या काउज्ला शर्यतींसाठी यायचा आणि मामाच्या मैदानावर मामाला हरवायची त्याला हौस. त्याने त्याच वॉटसनकडून, त्याच हेंडरसनच्या कारखान्यात ब्रिटानियापेक्षा मोठी 'मीटिऑर' बांधून घेतली आणि १८९६ मध्ये आणून उभी केली. वॉटसनला दोष देता येत नाही, त्याचा तो धंदा होता. ब्रिटानिया आता हरू लागली. युवराजाचं मनही उडालं, खर्चही परवडेना, १८९७ मध्ये त्याने ती विकून टाकली.

पुढची पाच वर्षं तिची भटकंतीची. मालक बदलत गेले. १८९९ मध्ये युवराजाने ती परत घेतली तेव्हा तिने थॉमस लिप्टनच्या, हो, चहावाल्या लिप्टनच्याच, अमेरिकाज कपसाठी बांधलेल्या पहिल्या 'शॅमरॉक'ला सरावासाठी साथ दिली. मग पुन्हा विकली. १९०२ मध्ये, तोवर राजा झालेल्या एडवर्डने ती पुन्हा घेतली, पण सहलीसाठी. शिडं कमी केली, कडा उंच केल्या. माझ्या मते हीच वर्षं तिला वाचवणारी ठरली. तिच्या बरोबरीच्या शर्यतीच्या नावा मोसम-दोन मोसमांत निकामी होऊन मोडीत जायच्या, कारण वेगापायी त्यांची अंगं पातळ केलेली असायची. ब्रिटानियाच्या पोटात राहण्याजोगी जागा होती, पाण्यात ती सोसवणारी होती, म्हणून शर्यत संपल्यावरही तिला काहीतरी काम उरलं.

१९१० मध्ये ती पाचव्या जॉर्जकडे आली, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा एखादा खरा दर्यावर्दी तिचा मालक झाला. आपल्याला हा राजा गेटवे ऑफ इंडियामुळे माहीत. २ डिसेंबर १९११ ला तो अपोलो बंदरावर उतरला त्याची ती कमान. पण त्याचं तारुण्य नौदलात गेलं होतं. १८७७ मध्ये बाराव्या वर्षी तो ज्या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला त्याचं नावही योगायोगाने 'ब्रिटानिया'च. महायुद्धानंतर मोठ्या यॉटींच्या शर्यती जवळजवळ बंद पडल्या होत्या. माणसं मेलेली, पैसा आटलेला. १९२१ मध्ये राजाने ब्रिटानिया पुन्हा शर्यतीसाठी सजवली, आणि राजा उतरतोय म्हटल्यावर बाकीचेही उतरले. 'व्हाइट हेदर', 'लुलवर्थ', टी. बी. डेव्हिसची प्रचंड, दोन डोलकाठ्यांची स्कूनर 'वेस्टवर्ड', नंतर 'कँब्रिया'. सुकाणूवर आता फिलिप हनलोक, १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये पदक घेतलेला. काळ्या रंगाचा तळ, त्यावर बारीक सोनेरी रेघ, आणि वय वर्षं तीस. आणि ती पुन्हा जिंकू लागली. वीसच्या दशकातलं हे यश मला पहिल्या वर्षाच्या यशाहून मोठं वाटतं. नवी नाव जिंकते यात नवल नाही.

१९३१ मध्ये तिला शेवटचा साज चढवला. गॅफ काढून एकच उंच त्रिकोणी शीड, ज्याला बर्म्युडा रिग म्हणतात, आणि जे-क्लासमध्ये प्रवेश. रिगर म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. त्रिकोणी शीड वाऱ्याच्या तोंडावर जास्त चांगलं चढतं, वरचं तिरकं लाकूड जातं, वजन वाचतं, हे सगळं खरं. पण गॅफ शिडाचा जोर खाली, पसरलेला असतो आणि उंच त्रिकोणी शिडाचा जोर वर सरकतो. त्याच तळाला आता जास्त उंचीवरून कोणीतरी ढकलतंय. शिवाय उंच काठीला तारांनी खाली इतकं आवळावं लागतं की ती कण्यात घुसू बघते, आणि तारा दोन्ही कुशी वर खेचतात. त्या वेळी तिची पोलादी हाडं आणि लाकडी कातडं अडतीस वर्षांचं होतं. खारं पाणी, लोखंड आणि ओलं लाकूड एकत्र आले की खिळ्यांभोवती काय होतं हे कोणत्याही जुन्या मचव्याच्या मालकाला विचारा. ती तग धरून राहिली हेच विशेष. समोर 'वेल्शीडा', 'एंडेव्हर' यांसारख्या सगळ्या पोलादी, या शिडासाठीच आखलेल्या यॉटी. १९३५ मध्ये अमेरिकेहून 'यँकी'ही आली. त्या मोसमात ब्रिटानिया मागेच राहिली, आणि तो तिचा शेवटचा मोसम ठरला.

२० जानेवारी १९३६ ला राजा वारला. आपल्यामागे ब्रिटानियालाही समुद्रात विसर्जित करावं ही त्याची इच्छा होती. मुलांपैकी कोणालाच इतकी मोठी शर्यतीची नाव चालवण्यात रस नव्हता. डोलकाठी, शिडं, सामान उतरवलं, बरंचसं लिलावात गेलं. ९ जुलैच्या रात्री 'अ‍ॅमेझॉन' आणि 'विंचेस्टर' या दोन विनाशिका तिला काउज्हून ओढत बाहेर घेऊन गेल्या, आणि १० जुलैला वाइट बेटाच्या दक्षिणेला, सेंट कॅथरीन्स पॉइंटपासून दूर खोल पाण्यात सुरुंग लावून ती बुडवली.

संग्रहालयात का ठेवली नाही, हा तुमचा राग मला समजतो. तरुण असताना मलाही यायचा. पण तिच्या बरोबरीच्यांचं काय झालं ते बघा. व्हाइट हेदर मोडली आणि तिचं शिसं वेल्शीडाच्या कण्यात ओतलं. लुलवर्थ कित्येक दशकं चिखलात रुतून घर म्हणून वापरली गेली, नशीब म्हणून एकविसाव्या शतकात तिला पुन्हा उभं केलं. वेस्टवर्डच्या डेव्हिसने तर राजाचाच कित्ता गिरवला, आणि त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे १९४७ मध्ये ती स्कूनरही इंग्लिश खाडीत बुडवली. युद्धाच्या काळात शिसं आणि पोलाद यांपायी कितीतरी मोठ्या यॉटी भंगारात गेल्या. १९३६ मध्ये एकशे एकवीस फुटांची, गंजत्या फासळ्यांची नाव कोरड्या गोदीत छपराखाली जपायची कल्पना कोणी केली असती असं मला वाटत नाही. लाकडी नाव पाण्याबाहेर नुसती उभी ठेवली की फळ्या सुकतात, सांधे उघडतात, कणा वाकतो. जपायची तर ती दर काही वर्षांनी थोडी थोडी नव्याने बांधावी लागते, आणि पन्नास वर्षांनी ती मूळची नाव उरली का यावर भांडणं होतात.

तिचं सुकाणूचं चाक मात्र तिच्यासोबत गेलं नाही. ब्रिटनने १९५३ मध्ये राजघराण्यासाठी वाफेवर चालणारं जहाज पाण्यात सोडलं, त्याचंही नाव ब्रिटानिया ठेवलं आणि त्याच्या चालक-कक्षात जुन्या ब्रिटानियाचं चाक बसवलं. ते जहाज आता एडिंबराजवळ लीथला उभं आहे. तिकडे कधी गेलात तर तेवढं बघून या.